छपाई शिवणीच्या आधी की नंतर? : वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापुरातून आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. टॉवेलवाले, गणवेशवाले, जॉबवर्कवाले अशा सगळ्यांचा रोख एकच आहे : डिजिटल छपाईचे यंत्र घ्यायचे, पण कोणते? उत्तरे छपाई आणि प्रोसेसिंगमधल्या जाणकारांनी दिली आहेत.

प्रश्न : अशोक चौकाजवळ आमचा शालेय गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. हाऊस टी-शर्ट, गॅदरिंगचे आणि गणेश मंडळांचे टी-शर्ट अशाही ऑर्डरी येतात. कधी 25 नग, कधी 300. छपाई बाहेरून करून घेतो, त्यात माल अडकतो. एका विक्रेत्याने तयार कपड्यावर थेट छापणारा प्रिंटर दाखवला, दुसऱ्याने सहा फुटी पन्ह्याचे, रोलवर छापणारे यंत्र. दुसरा म्हणतो, 'मोठेच घ्या, सगळेच होईल.' काय करावे?

उत्तर : मोठ्यात सगळे होत नाही. तुमच्या कारखान्यात छपाई कुठे बसते, कापड कापण्याआधी की शिवून झाल्यावर, हे आधी ठरवा. रोलचे यंत्र सपाट तागा मागते. शिवलेला टी-शर्ट त्यावर चढत नाही. उलट तयार कपड्यावरच्या प्रिंटरला फळीएवढीच जागा छापता येते, साधारण 40 बाय 45 ते 50 सेंटिमीटर. शिवण, चेन, कॉलर आली की छपाई तिथे थांबते.

दुसरी गोष्ट कापडाची. थेट छपाईचा प्रिंटर, ज्याला बाजारात डीटीजी म्हणतात, तो सुती टी-शर्टसाठी बनलेला आहे. तुमचे हाऊस टी-शर्ट बहुधा डॉट निटचे, म्हणजे पॉलिस्टरचे असतात. खात्री नसेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने कापडाचाच धागा काढून जाळून पाहा, शिलाईचा नको. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टरवर डीटीजी करायची तर शाई वेगळी, प्री-ट्रीट म्हणजे छपाईआधी फवारायचे द्रावण वेगळे आणि तरी गडद रंगावर निकाल बेताचाच. विक्रेता नमुना दाखवतो तो शंभर टक्के सुती, घट्ट विणीच्या काळ्या टी-शर्टवर. त्यावर चांगला येतोच.

गडद सुती टी-शर्टची कृतीही नीट समजून घ्या. आधी छातीच्या भागावर प्री-ट्रीट फवारायचे, ए-थ्री आकाराला साधारण 20 ग्रॅम. मग 165 अंशांच्या हीट प्रेसखाली 35-40 सेकंद पूर्ण कोरडे करायचे. त्यातले क्षार पांढऱ्या शाईला लिंबाने दूध फाटावे तसे कापडाच्या वरच धरून ठेवतात. फवारा कमी पडला तर पांढरा रंग आत मुरतो आणि करडा दिसतो. जास्त पडला तर छपाईभोवती चौकोनी डाग उमटतो आणि पहिल्या धुण्यात थर तडकतो. त्यानंतर पांढऱ्याचा एक हात, त्यावर रंगीत हात, आणि पुन्हा 160 अंशांच्या आसपास दीड ते तीन मिनिटे भाजणे. एका नगाला हात लावण्यापासून खाली ठेवेपर्यंत आठ-दहा मिनिटे सहज जातात. दोन प्रेस असतील तर काम साखळीने चालते, पण 300 टी-शर्ट एका दिवसात हे गणित तिथे बसत नाही.

तुमच्या कामाची विभागणी आम्ही अशी करू. एक-दोन रंगांचा लोगो आणि शंभरच्या पुढे नग असतील तर साधी स्क्रीन छपाईच स्वस्त पडते. स्क्रीनचा खर्च एकदाच होतो आणि नगागणिक तो विरत जातो. 25 नग, बहुरंगी चित्र, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळे नाव अशा कामाला डीटीएफ. यात चित्र फिल्मवर उलटे छापतात, वर पांढरा थर, त्यावर चिकट पावडर, आणि ते प्रेसखाली कपड्यावर उतरवतात. सूत, पॉलिस्टर, टेरीकॉट काहीही चालते. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण अंगभर छापलेली क्रिकेट-कबड्डीची जर्सी. ती मात्र कापडावर किंवा कापलेल्या भागांवर सब्लिमेशनने, म्हणजे कागदावर छापलेला रंग उष्णतेने वाफ करून पॉलिस्टरमध्ये उतरवून, छापायची आणि मग शिवायची.

म्हणून आज 60 सेंटिमीटर पन्ह्याचे डीटीएफ यंत्र, फिल्मवर पावडर पसरून ती वितळवणारा शेकर आणि दोन चांगले हीट प्रेस घ्या. रोलच्या यंत्राकडे जायचेच झाले तर पुढची पायरी सब्लिमेशनची ठेवा, कारण कटिंग आणि शिलाई ही तुमची जमेची बाजू आहे आणि सब्लिमेशनला तेच लागते. त्यासाठी कागदावर छापणारा प्रिंटर आणि गरम रोलरचे कॅलेंडर अशी जोडी हवी. मात्र सब्लिमेशनला पांढरी शाई नसते. पांढऱ्या किंवा अगदी फिक्या पॉलिस्टरवरच ते उठते, आणि 200 अंशांत कापड आटते. आधी मीटरभर तुकडा कोरा कॅलेंडरमधून काढा, लांबी-रुंदी मोजा आणि पॅटर्न तेवढा वाढवा. हे विसरले की एल साइझची जर्सी एम होऊन बाहेर येते.

प्रश्न : आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग आहेत. छापील टॉवेलला मागणी दिसते. कपड्यावर छापणारा प्रिंटर टॉवेलला चालेल का? डीटीएफचा स्टिकर लावला तर?

उत्तर : स्टिकर लावू नका. टॉवेलचे काम पाणी टिपणे. डीटीएफचा थर म्हणजे प्लास्टिकची पातळ चकती. ती टॉवेलचे फासे, म्हणजे वर उभे असलेले सुताचे वेढे, दाबून बसते, तेवढा भाग पाणी टिपत नाही आणि फाशांच्या उंच-सखल पृष्ठभागावर धड चिकटतही नाही. कोपऱ्यात हॉटेलचा लोगो हवा असेल तर भरतकाम किंवा जॅकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी काढलेली, किनार बरी.

डीटीजीवर एखादा नमुना निघेल, धंदा निघणार नाही. पिगमेंट शाई फाशांच्या टोकावर बसते, हाताला खरखरीत लागते आणि घासून फिकी होते. टॉवेलला खरी छपाई रिॲक्टिव्ह शाईची, जी सुताच्या रेणूशीच बांधली जाते. ती रोलच्या यंत्रावर, तीही चिकट पट्ट्यावर कापड धरणाऱ्या. नुसत्या ताणावर कापड ओढणाऱ्या यंत्रावर टॉवेल लांबतो आणि गोल आकृतीची अंडाकृती होते.

टॉवेलची एक बाजू आधी कातरून घ्यावी लागते, म्हणजे वेलूर करावी लागते. फासे न कातरता छापले तर टॉवेल वापरताना फासा वळतो आणि खालचा पांढरा दिसतो. कातरल्यानंतर ब्रश आणि सक्शन दोन्ही द्या. सुटा कापूस शाई उडवणाऱ्या हेडखाली गेला की शाईचे थेंब तिरपे उडतात आणि मीटरभर पट्टा बिघडतो. हेड आणि कापड यांत सपाट कापडाला दोन मिलिमीटर पुरतात, टॉवेलला त्याहून जास्त ठेवावे लागतात. अंतर वाढले की कडा धूसर होतात. म्हणून टॉवेलवर बारीक अक्षरे आणि नाजूक रेषा घेऊच नका. मोठ्या आकृत्या, भरीव रंग घ्या.

आता यंत्राच्या मागे-पुढे काय लागते ते पाहा, कारण खरा खर्च तिथे आहे. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते. ती काढून, स्कोअरिंग (तेल-मेण धुऊन काढणे) आणि ब्लीचिंग करून कापड छपाईयोग्य करायचे. आयोडीनचा थेंब टाकून निळा-जांभळा रंग आला तर खळ शिल्लक आहे. पाण्याचा थेंब तीन-पाच सेकंदांत शोषला गेला पाहिजे. कापड मऊ करणारे सॉफ्टनर छपाईआधी कधीच नाही. सिलिकॉन लागलेल्या टॉवेलवर शाई डागाळते.

मग पॅडिंग, म्हणजे कापडाला रसायनांचे द्रावण पाजणे. एक लिटर द्रावणात युरिया 100 ग्रॅम, खायचा सोडा 30 ग्रॅम, रंग वाफेत फिका पडू न देणारे रेझिस्ट सॉल्ट 10-20 ग्रॅम आणि दाटपणा येण्यापुरते सोडियम अल्जिनेट, ही सुरुवातीची कृती धरा. शाईच्या कंपनीच्या पत्रकानुसार ती हलवायची. दाबरोलरमधून निघताना कापडाने स्वतःच्या वजनाच्या 70-80 टक्के द्रावण धरलेले असावे. बेताच्या उष्णतेवर वाळवा. फार तापवले तर कापड छपाईआधीच पिवळे पडते. कणकेच्या किंवा चिंचोक्याच्या खळीने दाटपणा आणायचा मोह टाळा. रिॲक्टिव्ह रंग पिठाशीही जोडला जातो, मग रंग धुण्यात जातो आणि कापड ताठ राहते.

छापून वाळवल्यावर 102 अंशांच्या वाफेत आठ ते दहा मिनिटे. वाफेत ओलावा धरण्याचे काम युरिया करतो. तो कमी पडला किंवा वाफ कोरडी आली की निळा आणि टर्कॉइज सर्वांत आधी फिके येतात. नंतर धुणे : आधी थंड पाणी, मग कोमट, मग 90-95 अंशांत साबण, पुन्हा कोमट, पुन्हा थंड. पहिलेच पाणी गरम दिले तर सुटा रंग पांढऱ्या भागावर बसतो आणि तो डाग मग निघत नाही.

थोडक्यात, टॉवेलसाठी प्रिंटर विकत घेणे म्हणजे वाफेचा बॉयलर, स्टीमर, धुलाई आणि सांडपाण्याची प्रक्रिया विकत घेणे. आपल्या बोअरच्या पाण्यात चुन्या-मॅग्नेशियमचा जडपणा भरपूर; पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर प्लांट नसेल तर अल्जिनेट गुठळ्या धरते. आणि किलोला दहा लिटर या हिशेबाने पाच पाणी बदलले तरी किलोमागे 50 लिटर पाणी गेले. उजनीचे पाणी दिवसाआड तरी येईल का याची वाट पाहणाऱ्या शहरात हा आकडा आधी पाहावा. तुमच्या जागी आम्ही असतो तर आधी वर्षभर चांगल्या प्रोसेस हाऊसकडून छापून घेतले असते.

प्रश्न : डीटीएफने छापलेले लोगो तीन-चार धुण्यांत कडेने सुटतात. लाल ट्रॅक सूटवर पांढरे अक्षर दोन दिवसांत गुलाबी झाले. पावडर बदलून पाहिली, फरक नाही.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

कडा सुटण्याचे पहिले कारण पावडर अर्धवट वितळणे. शेकरमधून निघालेली फिल्म उजेडात तिरपी धरून पाहा. पावडर पूर्ण वितळली असेल तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा चकचकीत दिसतो; साखरेचे दाणे दिसले तर ती कच्ची आहे. अशी फिल्म प्रेसवर चिकटल्यासारखी वाटते आणि धुण्यात दगा देते. दुसरे कारण प्रेसचा दाब. शिवणीवर किंवा खिशाच्या दुमडीवर प्रेस टेकला की बाकीचा भाग वरच राहतो. आत फोमची उशी घाला. कोपऱ्यांवर तापमान मोजा. स्वस्त प्रेसमध्ये मधोमध 155 दाखवते तेव्हा कोपऱ्यात 135 असते. कपडा आधी पाच सेकंद कोरा दाबून ओल काढा, मग 150-160 अंशांत 10-15 सेकंद. फिल्म थंड सोलायच्या जातीची असेल तर खरोखर थंड होऊ द्या, हाताला गार लागेपर्यंत. सोलल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा दहा सेकंद दाबा. हा दुसरा दाब घाईत वगळला जातो आणि नेमक्या त्याच कामाच्या तक्रारी येतात. ट्रॅक सूटच्या कापडावर पाणी न धरणारे फिनिश असेल तर कोणतीही पावडर धरणार नाही. पाण्याचा थेंब मण्यासारखा घरंगळला की ते काम घेऊ नका.

गुलाबी होण्याचे कारण तुमच्या शाईत नाही, कापडात आहे. पॉलिस्टर डिस्पर्स रंगाने रंगवलेले असते. उष्णता मिळाली की तो रंग वाफ होऊन वर चढतो आणि पांढऱ्या थरात शिरतो. लाल, मरून आणि काळ्यात हे जास्त होते, आणि लगेच नाही तर एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून माल पोचल्यावर फोन येतो. उपाय दोन आहेत : कमी तापमानाची पावडर घेऊन 130 अंशांच्या आसपास दाबणे, आणि रंग अडवणारी काळी किंवा करडी पावडर वापरणे. दोन्ही करा. मोठी ऑर्डर असेल तर एक नग दाबून दोन दिवस ठेवा, मगच बाकीचे काढा.

ग्राहकाला चिठ्ठी द्या : पहिले 24 तास धुऊ नये, कपडा उलटा करून धुवावा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. गणवेशाच्या बाबतीत शेवटची सूचना कोणी पाळत नाही, तेव्हा शर्टाच्या खिशावरचा बिल्ला भरतकामाचा किंवा विणलेलाच ठेवावा.

प्रश्न : जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेवेळी घेतलेले डीटीएफ यंत्र मार्चअखेरपर्यंत सुरळीत होते. एप्रिल लागल्यापासून रोज सकाळी नोझल, म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रे, बंद. एसी लावला तर आणखी वाढले.

उत्तर : एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून वाढले. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि हवा पार कोरडी असते. हेडच्या तोंडाशी शाईचा थेंब वाळून कडक होतो. खोलीत आर्द्रतामापक टांगा, काही शे रुपयांत मिळतो. 45 ते 60 टक्के आर्द्रता आणि 22 ते 28 अंश हे लक्ष्य. एसी ठेवायचाच, पण सोबत ह्युमिडिफायर हवा. वाळ्याचा कूलर थेट यंत्राकडे तोंड करून ठेवू नका. ओलाव्याबरोबर धूळही हेडवर येते. शेजारी माग किंवा ओव्हरलॉक चालत असेल तर मधे दार असलेली बंद खोली कराच.

रात्री यंत्र बंद करण्याआधी वायपर आणि कॅपिंगची रबरी कड क्लीनिंगच्या द्रवाने, तंतू न सुटणाऱ्या काडीने पुसा. कडेला वाळलेली शाई राहिली की हेडवर झाकण बसतच नाही आणि रात्रभर हवा आत जाते. कॅपमध्ये क्लीनिंगचे दोन-चार थेंब सोडा. पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तळाशी बसतो. फिरती ठेवणारा पंप रात्रीही चालू ठेवा आणि बाटली रोज हलकेच हलवा, फेस येईल अशी नको. सकाळी नोझल चेक बिघडला की लागोपाठ पाच-सहा हेड क्लीनिंग देण्याची सवय सोडा. दोनदा द्या, अर्धा तास थांबा, मग पुन्हा पाहा. सारखी क्लीनिंग दिल्याने हवा ओढली जाते आणि चालू नोझलही बंद पडतात. यंत्राला यूपीएस हवाच. छापताना वीज गेली की हेड उघडे राहते. प्रेस आणि शेकर मात्र त्या यूपीएसवर घालू नका.

पावसाळ्यात याच्या उलट होईल : पावडरच्या गुठळ्या होतील आणि फिल्मवर तेलकट घाम येईल. पावडर हवाबंद डब्यात ठेवा, शाई शेकरमध्ये नीट वाळवा.

प्रश्न : सोलापुरी चादरीची नक्षी स्कॅन करून साध्या कापडावर छापून 'सोलापुरी चादर' म्हणून विकता येईल का?

उत्तर : नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिची नक्षी जॅकार्डवर, रंगीत सुताने विणून येते. छापलेल्या कापडाला ते नाव लावणे कायद्याने अंगाशी येईल. पडदा, पिशवी, कुशनवर स्वतःची नक्षी काढून छापा.

प्रश्न : मी जॉबवर सब्लिमेशन करून घेतो. स्वतःचे रोल यंत्र कधी परवडेल, याचा हिशोब कसा मांडावा? घर विडी घरकुल भागात आहे, तिथे बसवता येईल का?

उत्तर : हिशोबापुरते आकडे धरू, तुमचे दर घालून पुन्हा मांडा. प्रिंटर आणि कॅलेंडर मिळून 18 लाख. पाच वर्षांत वसूल करायचे तर महिना 30 हजार. दहा टक्के व्याजाचे 15 हजार. ऑपरेटर 20 हजार. वीज, जागा आणि हेडसाठी बाजूला टाकलेले पैसे 20 हजार. महिन्याचा बांधील खर्च झाला 85 हजार. आता जॉबवाल्याला मीटरला जे देता त्यातून स्वतःची शाई आणि कागद वजा करा. समजा 25 रुपये वाचतात. 85 हजार भागिले 25 म्हणजे 3,400 मीटर, 26 दिवस धरले तर रोज साधारण 130 मीटर. यंत्र एका तासात किती छापते हा प्रश्नच इथे येत नाही. तुमच्याकडे रोज 130 मीटरचे काम बाराही महिने आहे का, एवढेच पाहायचे. गणवेशाचा हंगाम संपल्यावर ऑगस्टपासून काय, हेही. हेडचे पैसे हिशोबात न धरणारे दुसऱ्या वर्षी अडकतात.

जागेबद्दल : सब्लिमेशनला वाफ आणि धुलाई लागत नाही, त्यामुळे सांडपाणी जवळजवळ नाही. पण कॅलेंडरला थ्री फेज वीज आणि धूर बाहेर काढणारे पंखे लागतात, आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्याच्यापाशी माणूस उभा राहू शकत नाही. वस्तीत कॅलेंडर नकोच; औद्योगिक गाळा पाहा. रिॲक्टिव्ह छपाई आणि धुलाईसाठी तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी, यंत्राचा ॲडव्हान्स नंतर.

डेमोला जाताना विक्रेत्याचे कापड घेऊ नका. तुमचा स्वतःचा पाच मीटर तागा न्या, त्यात भरीव काळा, करडा आणि त्वचेचा रंग असलेले चित्र छापायला सांगा. करड्यात हिरवट-लालसर झाक आली तर यंत्राचे रंगांचे प्रोफाइल नीट नाही. भरीव काळ्यात आडवे पट्टे दिसले तर पास, म्हणजे हेडच्या फेऱ्या, वाढवायला सांगा आणि तेव्हा वेग किती उरतो ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा कोटेशनवर लिहून घ्या.